शांतता बघणारी बोट

देवमाशांना एकमेकांची हाक ऐकू यावी म्हणून समुद्राच्या त्या पट्ट्यात तीन वर्षं जहाजांना बंदी होती. तरी तळाशी ठेवलेला माईक ऑफिसात रोज तीच घरघर पाठवायचा. साहेबांनी आधी जहाजवाल्यांना झापलं, मग मच्छीमारांना हाकललं, आणि झापायला कुणीच उरलं नाही तेव्हा लाटांवर संशय घेतला. माईक नीट चालतोय ना, हे बघायला ऑफिसच्या बोटवाल्याने रोज सकाळ-संध्याकाळ तिथे चक्कर मारायची, असा त्यांचा हुकूमच होता.

या महिन्यात मात्र नवल घडलं. घरघर गायब! कालच्या रेकॉर्डिंगमध्ये तर आई पिल्लाला हाक मारतेय आणि पिल्लू चक्क ओ देतंय. साहेबांचा ऊर भरून आला. "आपल्या कष्टांचं चीज झालं!"

मागे उभ्या बोटवाल्याच्या मनात कधीची चलबिचल चालली होती. शेवटी ग्रीसचे हात पॅंटला पुसत तो पुढे झाला. "साहेब, रागावू नका, पण महिना झाला, आपल्या बोटीचं इंजिन बसलंय. एकही चक्कर झाली नाही. आणि घरघर त्याच दिवसापासून बंद आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.



"अरे, मग आधी बोलायचं नाही का? आजच्या आज दुरुस्त करून घे! एवढी शांतता झालीय, आणि ती बघायला तिथे आपलं कुणीच नाही!"