सिंहाची खुर्ची

अगं, तू नुसती ऐक! धाकट्या बाई दुसरीच्या वर्गात उभ्या आहेत आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, न सांगता आत शिरल्यात. तास बघायला! वर्गात मोकळी खुर्ची एकच. आणि ती नेमकी सिंहाची.

म्हणजे काय, तर पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकात एक सिंह असतो. तो खोटं बोलला की त्याची आयाळ गळते. त्यावर धाकट्या बाईंनी खेळ काढलेला. खुर्चीत बसेल तो सिंह. त्याने कागदी पट्ट्यांची आयाळ घालायची आणि पोरं विचारतील त्याचं खरंखरं उत्तर द्यायचं. खोटं वाटलं की कोणीही एक पट्टी उपटायची.

मोठ्या बाई धपकन बसल्या ना तिथेच!

त्यात सकाळीच धाकट्या बाईंनी त्यांच्याकडे दाढ दुखतेय म्हणून दुपारची रजा मागितलेली. दाढ एकदम ठणठणीत. दुपारी दुसऱ्या शाळेत मुलाखत होती. का, तर मोठ्या बाईंचा आवाज. त्या जिन्यात ओरडल्या की वरच्या मजल्यावरची पोरं पाढे विसरायची.

पण पोरांना त्याचं काय? पहिल्या बाकावर एक चिमुरडी बसते. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणतात. तिने आयाळ उचलली आणि सरळ मोठ्या बाईंच्या डोक्यात घातली.

"सिंहा, तू सारखा का ओरडतोस रे?"

ती नोकरी अजून मिळाली नाही आणि ही चालली, धाकट्या बाईंच्या मनात आलं.

मोठ्या बाईंनी डोळ्यांवर आलेली पट्टी बाजूला केली. "हळू बोललं तर कोणी ऐकणारच नाही, अशी भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. चक्क हळू! "आणि ओरडून ओरडून घसा दुखतो, तो वेगळाच."

शंकासूरने त्यांना खालून वर निरखलं. "खरं बोलतोय," तिने निकाल दिला. मागून कोणीतरी खोकल्याची गोळी पुढे पाठवली, अर्धी चघळलेली. आणि मोठ्या बाई हसल्या, अगं! त्यांच्या गालाला खळी पडते, हे कुणाला माहीतच नव्हतं.

यांच्या हाताखाली राहायला तशी काय हरकत आहे, असं धाकट्या बाईंना वाटतंय न वाटतंय, तोवर मोठ्या बाई उठल्या. आयाळ काढून त्यांनी ती अलगद धाकट्या बाईंच्या डोक्यात घातली. खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग पोरांमध्ये जाऊन हात वर केला.

"मी विचारू? सिंहा, तुझी दाढ खरंच दुखतेय का रे?"

सगळी पोरं पुढे सरकली. शंकासूरने तर एक पट्टी आधीच चिमटीत धरलेली.

आता तूच सांग, तू असतीस तर काय म्हणाली असतीस?