बाबांच्या बोटीचा भोंगा

बाबा गेल्यावर त्यांची बोट मोडीत निघाली, तेव्हा लेकीनं तिच्यावरचा भोंगा तेवढा मागून घेतला. ती गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. यंदा वाचनालयाच्या माडीवर बंदराच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं आणि भोंग्याला तिथे जागा मिळाली. उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, “वाजवा की एकदा.” तिनं दट्ट्या दाबला आणि आवाज पार धक्क्यापर्यंत गेला. कार्यक्रम आटपून ती घरी पोचली, तर अंघोळीचं पाणी उकळत होतं आणि खुर्चीवर बाबांचा धुतलेला सदरा होता. पूर्वी बोटीचा भोंगा ऐकला की आई हेच करायची. लेक आईजवळ गेली. “आई, अगं, बाबा...” “ठाऊक आहे गं, मला काही वेड नाही लागलेलं,” आई म्हणाली. “हात आपोआप कामाला लागले.” मग नजर चुकवत तिनं हळूच विचारलं, “उद्याही वाजवशील का गं?”