चंद्राबाईचे विश्वस्त

म्हाताऱ्या कोंडाजीनं आंधळ्या लेकीसाठी दोन एकर भातखाचराचा ट्रस्ट केला. पौडच्या वकिलांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. विश्वस्त म्हणून चंद्राबाईच्या दोन्ही थोरल्या भावांची नावं होती.

"चंद्रे, आता तुला घोर न्हाई," त्यातला एक भाऊ, हैबतराव, छाती फुगवून म्हणाला. "गावच्या भैरोबाच्या ट्रस्टवर बी आमी दोघंच हाये."

"त्याचाच तर घोर हाय," चंद्राबाई म्हणाली आणि वकिलांच्या आवाजाकडं वळली. "सायेब, ह्ये दोघं भैरोबाम्होरं निवदाचं ताट ठिवत्यात, भवतीनं पानी फिरवत्यात, आन ताट उचलून घरी जाऊन जेवत्यात. देवाचं निस्त्या वासावर भागतं. मला जेवाय लागतं, तेवढं कागदात लिवा."