चाळीस सेकंद

दुकानांना दर आठवड्याला नवी फॅशन हवी होती, म्हणून कपड्यांच्या कारखान्यात शिवणीचा वेग मोजायला स्टॉपवॉचवाला साहेब आला आणि नेमका धाकटीच्या मशीनपाशी उभा राहिला. साहेब मोजत असला की सगळ्याजणींनी हात सावकाश चालवायचा, हे धाकटीला शिवण शिकवणाऱ्या थोरल्या जावेनेच पढवलं होतं. पण सगळी लाइन बघत होती आणि धाकटीला चेव आला. तिने चाळीस सेकंदांत कॉलर बसवली. “वा,” साहेब म्हणाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: यापुढे प्रत्येकीला चाळीसच सेकंद. थोरलीच्या बोटांना ते झेपेना. पंधरवड्यात तिला घरी बसायला सांगितलं. निघताना तिने आपली कात्री धाकटीच्या मशीनवर ठेवली. “जाऊबाई, चुकलं माझं,” धाकटी मान खाली घालून म्हणाली. “असू दे. तुझ्या हाताला वळण मीच लावलंय.” माफी मागता मागता धाकटीची आणखी एक कॉलर बसवून झाली होती.