अप्पर की डिपर

"आता कुठला लागलाय?" गाडीत बसलेल्या क्लिफर्डने विचारलं.

नोरीन गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून बाजूला उभी होती. गाडीच्या दिव्यांचा झोत त्या पांढऱ्या भिंतीवर, रंगाच्या डब्यांच्या फळीच्याही वर, थेट छताच्या वाशांपर्यंत चढला होता. म्हणजे अप्पर. आंधळ्यालाही कळावा इतका लख्ख.

"दिव्यांची दांडी मी खाली केलीय," तो म्हणाला. "म्हणजे डिपर लागायला हवा. डिपरच आहे ना?"

चूक कुठे झाली ते तिला ठाऊक होतं. निळ्या वायरीवर पांढरी रेघ असली की अप्पर, लाल रेघ असली की डिपर. अकरा वर्षं टॉर्च धरून उभं राहिल्यावर एवढं दगडालाही आलं असतं. रेघ सुतासारखी बारीक असते. सकाळी त्याने दोन्ही वायरी नाकाशी नेल्या, लांब धरल्या, पुन्हा नाकाशी नेल्या. ती शेजारीच होती. "ही कुठली गं?" एवढंच विचारायचं होतं. पण नाकावर माशी बसू देईल तर तो क्लिफर्ड कसला! अंदाजाने जोडल्या आणि वर टेप गुंडाळून टाकला.

सुट्या भागांची खोकी मागवून त्याने ही दोन सीटची गाडी याच गॅरेजात उभी केली होती, बोल्टाला बोल्ट लावत. किथली गावातल्या शेजारणी गाडीला नोरीनची सवत म्हणत. नोरीन हसायची. सुरुवातीची दोन-तीन वर्षं.

पंधरा दिवसांपूर्वी, फ्यूज ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र सापडलं. यापुढे गाडी चालवू नये, परवाना कार्यालयाला तसं कळवावं. तिला मात्र त्याने सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणाला, तिशीतल्या पोराचे डोळे आहेत." तिने पत्राची घडी घालून होतं तिथे ठेवलं. आपणहून सांगेल, असं तिला वाटत होतं.

"नोरीन! उभ्या उभ्या झोपलीस का?"

"डिपर आहे," ती म्हणाली.

म्हणताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. भिंत त्याच्यापासून जेमतेम आठ फुटांवर. आता तो ओरडेल, "अगं, छत उजळलंय आणि डिपर काय म्हणतेस?" तिची अक्कल काढेल. जन्मात पहिल्यांदा तिला त्याची बोलणी खायची होती.

"बघ! म्हटलं नव्हतं?" तो खुशीत म्हणाला. "माझी वायरिंग कधी चुकलीय?"

नोरीनने वर पाहिलं. वासे अजून लख्ख उजळलेले होते.

"आता चारी इंडिकेटर एकदम," त्याचं चालूच होतं. "मंगळवारी गाडीच्या तपासणीला तो सरकारी माणूस काय करतो माहितीय? किल्ली काढून घेतो आणि म्हणतो, लावा आता. गाडी रस्त्यात बंद पडली तरी ते लागले पाहिजेत ना! आमच्या गाडीवाल्यांच्या क्लबातले निम्मे शहाणे इथेच आपटलेत. किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवर जोडून मोकळी होतात गाढवं." त्याने किल्ली उपसली. मोठे दिवे विझले. "ये इकडे, धर ही. आता बघ."

तिने जाऊन किल्ली घेतली. त्याने चाचपत बटण शोधलं आणि दाबलं. चारी दिवे टिकटिक करत उघडमीट करू लागले. हे काम चोख होतं. बॅटरीकडून येणारी वायर जाड, तपकिरी. तिच्यावर रेघ नसते.

"पास झालो की रविवारी व्हिटबी," तो म्हणाला. "दुसरी सीट तुझी, पहिल्या दिवसापासून सांगतोय. माळावर वारा झोंबेल, डोक्याला रुमाल बांध. बंदरावर मासे-चिप्स खाऊ, भरपूर व्हिनेगर मारून. चल, आण ती किल्ली."

नोरीनने मूठ मिटली.

"क्लिफ, तो अप्पर होता."

"कोण?"

"मघाचा दिवा. छतापर्यंत होता. मी मुद्दाम खोटं बोलले. डब्यातलं पत्र मी वाचलंय."

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"तो डॉक्टर कालचा पोरगा आहे. व्हिटबीचा रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे रे. रस्त्यावरची माणसं?"

कोंडीत सापडला की तो समोरच्याचं काळीज शोधून तिथे मारायचा.

"अकरा वर्षं तू याचीच वाट बघत होतीस," तो म्हणाला.

तिला ते फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. मनातल्या मनात तिने या गाडीला कितीदा तरी काडी लावली होती. पण ती रुमालही विकत घेऊन आली होती, निळा, मागच्याच आठवड्यात.

"तू या गॅरेजातून बाहेर यायची वाट बघत होते," ती म्हणाली. "गाडीत बसून का होईना."

किल्ली स्वेटरच्या खिशात टाकून ती दाराशी गेली. दार वर सरकवलं. दुपारचा पांढुरका उजेड गाडीच्या पाठीवर पडला.

"चल, चहा टाकते."

तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. मागचे दोन्ही दिवे तिच्या पायांशी उघडमीट करत होते. ते बंद करायला किल्ली लागत नव्हती, नुसतं बटण दाबायचं होतं. ती दारात थांबली. त्याने दाबलं नाही.