चौऱ्याऐंशी महिने

ड्वेन गेला. पण तसं काही झालेलं नाही असं आपण धरून चालू. मंगळवारी सकाळी तो दवाखान्यात तपासणीच्या खोलीत बसला होता. त्यानं दाढी केली होती, आणि बायकोच्या मते घोळ तिथेच झाला होता.

"कुणी सांगितलं होतं दाढी करायला?" मार्लिस म्हणाली. "लग्नाला निघाल्यासारखा दिसतोयस."

"चारचौघांत जायचं तर नीट जावं."

"आज नाही. आज मरणाऱ्यासारखा दिस. जमेल तेवढा."

काम साधं होतं. ड्वेनला आता जिना चढवत नव्हता आणि घरातलं एकुलतं एक बाथरूम वर होतं. खाली नवं बांधायला पैसे होते, त्याच्याच निवृत्तीच्या खात्यात. पण साडेएकोणसाठ वर्षांच्या आत हात लावला की अमेरिकेचं सरकार कर तर घेणारच, वर दहा टक्के दंड. ड्वेन अठ्ठावन्नचा. मार्लिसच्या हिशेबानं त्या दहा टक्क्यांत बाथरूमचं दार बसत होतं. बिनदाराचं बाथरूम तिला चाललं असतं. ड्वेन लुथरन होता, संकोची पंथातला.

दंड माफ व्हायची एकच वाट त्यांना सापडली होती. हा माणूस येत्या चौऱ्याऐंशी महिन्यांत जाईल, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं.

अडचण ड्वेनच्या तोंडाची होती. मिनेसोटात कुणी 'कसं काय' विचारलं की 'तक्रार नाही' म्हणायचं, अशी रीत. त्याचा भाऊ उलटलेल्या ट्रॅक्टरखालून तेच म्हणाला होता. वर्षभर प्रत्येक तपासणीला ड्वेनही तेच म्हणत आला, आणि नर्सनं ते दर वेळी इमानेइतबारे कॉम्प्युटरवर नोंदवलं. सरकारदरबारी तो पंचक्रोशीतला सगळ्यात सुखी रोगी होता.

"आज तक्रार कर," मार्लिसनं बजावलं. "एक तरी. नुसता खोकलास तरी चालेल."

दार उघडून डॉक्टर सॉरेन्सन आत आल्या. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या.

"काय ड्वेन, कसं काय?"

ड्वेन खुर्चीच्या हातांना धरून उठला. "तक्रार नाही. तुमचं?"

मार्लिसनं त्याच्या घोट्यावर बूट हाणला. तो कळवळला.

"बघा, डॉक्टर! दुखतंय त्याला." तिनं लिंबाच्या वड्यांचा डबा उघडून टेबलावर ठेवला आणि शेजारी सहीसाठीचा कागद. गाडीत तिनं तीन मुद्दे पाठ केले होते. "दिसतो तसा नाहीये हो तो. दिसण्यावर जाऊ नका. आणि चौऱ्याऐंशी महिने म्हणजे सात वर्षं. सात वर्षांत काय, कुणीही जातं. बर्फावरून घसरतं माणूस. तुम्हाला खोटं पाडायला कोण येतंय..."

पहिला मुद्दा संपायच्या आत डॉक्टरांची सही झाली होती.

"झालं?" मार्लिसनं विचारलं.

"झालं."

"रक्त वगैरे तपासायचं नाही? फोटो?"

"नको, मार्लिस." डॉक्टर वड्यांकडे बघत होत्या. "चौऱ्याऐंशी महिन्यांना नाही लागत."

मार्लिस डब्याला झाकण लावू लागली. ते बसेना. तिनं ते उलटं करून लावून पाहिलं.

"सात वर्षं," ड्वेन म्हणाला. "म्हणजे पासष्टचा होईन मी. सात वर्षं जगणाऱ्याला हे लोक मरायला टेकलेला म्हणतात?"

डॉक्टर पेन खिशाला लावू लागल्या.

"पेन द्या जरा."

सहीखाली दोन बोटं जागा कोरी होती. ड्वेननं कागद गुडघ्यावर घेतला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं:

'नियमात नमूद केलेले चौऱ्याऐंशी महिने अर्जदारास पूर्ण मंजूर करण्यात यावेत, ही विनंती.'