केस आले तेव्हा

डॉक्टरांनी भाविकाच्या केसांतून बोटं फिरवली. मोकळी जागा कुठेच लागली नाही. "छान! रक्ताचे रिपोर्टही चांगले आलेत," ते म्हणाले. तिच्या आईच्या, चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाविका पाचवीत असताना डोक्यावर चट्टे पडले आणि बघता बघता सगळं डोकं उघडं झालं. शरीरच केसांच्या मुळांवर उलटतं, दुसऱ्या कुणाला हे लागत नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं. चारुलताला ते पटलंही होतं. पण घरात नणंदेचं लग्न जमवायचं होतं. बघायला आलेल्यांनी विचारलं तर काय सांगायचं? तिने लेकीला धरणगावला भावाकडे नेऊन ठेवलं. "तिथली शाळा चांगली आहे," असं तिला सांगितलं. पुढे नणंदेचं लग्न झालं, तरी लेकीला आणलं नाही. केस आले की आणू, असं म्हणत राहिली.

धरणगावला पुनममामीने पहिल्याच दिवशी भाविकाच्या डोक्याचा रुमाल सोडला. "ऱ्हाऊ दे उघडं. डोक्याले वारा लागू दे," म्हणाली. भाविका तशीच गल्लीत खेळली. तशीच शाळेत गेली. कुणी हसलं तर मामी त्याच्या घरी जाऊन भांडून यायची.

भाविकाला बारा वर्षं पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चारुलता जळगावहून गोळ्या पोचवायला जायची. गेली की लेकीचा चेहरा बघायच्या आधी डोकं बघायची. परतीच्या एसटीत पदर तोंडाला लावून रडायची. या उन्हाळ्यात केस मानेवर आले आणि तिने भाविकाला घरी आणलं. आता रोज हौसेने दोन इवल्या वेण्या घालायची. शेजारणींना बोलावून दाखवायची.

"गोळी बंद केली तर?" भाविकाने डॉक्टरांना विचारलं.

"केस पुन्हा गळू शकतात. पण घाबरू नकोस, गोळी चालूच ठेवू."

चारुलताने तिला जवळ ओढलं. "पोरीच्या मनात भीतीच बसलीय हो, डॉक्टर."

"भीती नाही," भाविका अंग सोडवून घेत म्हणाली. "बंद करा ना गोळी. केस गेले की आई मला परत मामीकडे ठेवील."